पुस्तकातल्या माणसाने माफ केलं, मग मला का जमत नाही?

हल्ली माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बरेच जण आत्मकथनं वाचून येतात. दारू पिणारा बाप, हात उगारणारी आई, मग कुणाचा तरी मृत्यू आणि शेवटच्या प्रकरणात माफी. वाचून मोकळं वाटायचं सोडून सगळे एकच रुखरुख घेऊन येतात, की त्याने एवढं सोसून माफ केलं, माझ्या घरी तर त्याच्या निम्मंही झालं नव्हतं, मग माझ्याच मनात एवढी अढी का? हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी म्हटलं लिहूनच टाकावं. एका बाईंची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि कित्येक महिन्यांचं बोलणं इथे थोडक्यात आणलंय.

त्यांचे वडील मारायचे नाहीत, अबोला धरायचे. आठवडेच्या आठवडे, आणि कशावरून ते घरात कुणालाच कळायचं नाही. ते गेले तेव्हा यांना रडूच आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज वाटायला लागली. तेव्हापासून अशी पुस्तकं एकामागून एक वाचणं चालू.

"मॅडम, मी शोधतेय की बाकीच्यांना हे जमलं कसं."

"काय जमलं?"

"माफ करणं."

मी म्हटलं, जे पुस्तक सगळ्यात जास्त वेळा वाचलंय ते पुढच्या वेळी घेऊन या. स्वतःबद्दल बोलताना अडखळणारी माणसं पुस्तकातल्या माणसाबद्दल भरभरून बोलतात आणि बोलता बोलता स्वतःवर येतात, यावर माझा फार विश्वास आहे.

पुस्तक आलं. माफीचं शेवटचं प्रकरण अगदी कोरं, एक खूण नाही. पण मधल्या एका पानाचा कोपरा दुमडून दुमडून मऊ पडलेला आणि एका परिच्छेदाखाली पेन्सिलीची रेघ, एकावर एक, दोनदा मारलेली. त्यात लेखक लहान आहे आणि वडिलांच्या पावलांच्या आवाजावरून आज घरात काय होणार ते ओळखतोय.

"हेच पान का?"

बराच वेळ गप्प. मी पण काही बोलले नाही.

"मी किल्लीचा आवाज ऐकायचे. कुलूप एका झटक्यात उघडलं तर ठीक. किल्ली खडखडली की आम्ही भावंडं अभ्यासाची पुस्तकं उघडून बसायचो."

"आणि मग?"

"मग काहीच नाही. ते आमच्याकडे बघायचेच नाहीत." आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदा त्या रडल्या. "मॅडम, मला ते गेल्याचं दुःख होत नाहीये. मला वडील हवे होते."

या वाक्यापाशी आम्ही पुढचे कितीतरी सेशन थांबलो, आणि थांबलो याचं मला आजही समाधान आहे. त्या स्वतःला माफी न जमणारी बाई समजत होत्या, खरं तर त्यांचं शोक करणंच राहून गेलेलं, तेही जे कधी मिळालंच नाही त्याचा. अशा दुःखाला भेटायला कुणी येत नाही. केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 मध्ये समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून मानतच नाही त्याबद्दल लिहिलं, आणि माझ्यासमोर बसणाऱ्या कितीतरी जणांना ते लागू पडतं. माझं मत पक्कं आहे, आधी शोक, माफीचं नंतर बघू. माफीवर आयुष्यभर काम केलेल्या रॉबर्ट एनराइटच्या पद्धतीतही सुरुवात आपला राग नीट उघडून बघण्यापासून होते, आणि माफ करणं म्हणजे झालेलं बरोबर होतं असं म्हणणं नाही किंवा परत संबंध जोडणं नाही हे तो स्पष्ट सांगतो.

अजून एक, आत्मकथन लिहिणारा बहुतेक वेळा सगळं होऊन गेल्यावर खूप वर्षांनी लिहायला बसतो. दोन प्रकरणांच्या मधे त्याची दहा वर्षं गेलेली असू शकतात आणि आपण ती एका रात्रीत ओलांडतो आणि सकाळी स्वतःला विचारतो मला का नाही जमत. शिवाय पुस्तक कुठेतरी संपवावं लागतं, घरातली नाती तशी संपत नाहीत. म्हणून शेवट बाजूला ठेवा आणि बघा तुम्ही कुठे थांबलात, कुठलं पान परत वाचलंत, कुठे पुस्तक मिटून टाकलंत. तुमचं काम तिथे आहे.

त्या पानाशेजारी स्वतःचं एक पान लिहा. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना चार दिवस रोज 15 मिनिटं लिहायला लावलं होतं, आणि ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं दोन्ही लिहिलं त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. लिहिल्या लिहिल्या मात्र जरा जड वाटतं, तेव्हा झोपायच्या आधी नका लिहू.

त्या बाई अजून वाचतात, पण आता सलग नाही. नातेवाईक विचारतात, केलंस का माफ वडलांना? त्या सांगतात, अजून ठरवलं नाही. मीही कधी घाई केली नाही.

वाचून झोप उडत असेल, जुनं सगळं परत अंगावर येत असेल तर पुस्तक खुशाल अर्धं सोडा आणि कुणाशी तरी बोला. आणि त्रास देणारा माणूस अजून घरातच असेल, त्रास चालूच असेल, तर माफीचा विषय आत्ता काढूच नका, आधी तुम्ही सुरक्षित कसे राहाल ते बघा आणि विश्वासातल्या एका तरी माणसाला हे आजच सांगा.