केनियातल्या मोंबासात दोनच दिवस आहेत, काय काय बघावं?

पहिली सकाळ फोर्ट जीझसला द्या, ऊन चढायच्या आत. पोर्तुगीजांनी 1593 मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला म्हणजे गोव्याच्या इतिहासाचंच एक पान! कारभार गोव्याहून चाले. 1696 ते 98 च्या ओमानी वेढ्यात मदतीची जहाजंही तिथूनच निघत. तटावरून समुद्र बघाच. लगतच्या ओल्ड टाउनमध्ये कोरीव दरवाजे बघत पायीच फिरा.

मुलं सोबत असतील तर हॅलर पार्क; सिमेंट कारखान्याच्या जुन्या खाणीवर उभं केलेलं हे रान, तिथे जिराफांना हाताने खाऊ घालता येतं. पोहायला न्याली बीच.

संध्याकाळी मामा न्गिना किनाऱ्यावर गोरखचिंचेच्या झाडांखाली तिखट-लिंबू लावलेले कसाव्याचे वेफर्स आणि शहाळं. रस्त्यावरच्या हत्तीच्या सुळ्यांच्या आकाराच्या कमानींसाठी वेगळा वेळ नको, जाता-येता दिसतात.