आधी ती किल्ली देऊन टाक

‘टेकडीवाला’ अशी सही करून एक पत्र आलंय. वय ३१, हिंजवडी फेज ३ ला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, एक आठवड्याआड ऑन-कॉल, म्हणजे रात्री तीनला सर्व्हर झोपला की याने उठायचं. चार वर्षांपासून टेकडी वाचवणाऱ्या एका गटात आहे, दर गुरुवारी साडेसातला कोथरूडला मीटिंग. शिवाय ढोल पथक, रविवारचे ट्रेक, शनिवारचा कट्टा आणि लग्नसराईत मित्रांची लग्नं. झोप होत नाही, सगळीकडे उशीर होतो, सगळीकडे सॉरी म्हणावं लागतं. प्रश्न असा की, "यातलं नेमकं काय सोडू? की टाइम मॅनेजमेंटची एखादी चांगली पद्धत आहे?"

अरे टेकडीवाल्या,

कॅलेंडरचा स्क्रीनशॉट बघितला. सात रंग आहेत. रांगोळी म्हणून छान आहे, त्यापलीकडे मला त्यात काही दिसलं नाही, आणि अजून एखादं ॲप सांगून मी आठवा रंग भरायला मदत करणार नाहीये.

काय सोडू म्हणतोस. काहीच सोडू नकोस. दचकलास ना? तुला वाटलं असेल मावशी म्हणेल पथक सोड, ते ढोल बडवणं काय कामाचं. पण तूच लिहिलंयस की पथकात थकवा येत नाही. कमरेला ढोल बांधून दोन तास टिपरू चालवायचं, तळहाताला फोड, दुसऱ्या दिवशी खांदा वर जात नाही, आणि तरी थकवा नाही? मग गुरुवारच्या मीटिंगला नुसतं खुर्चीत बसून तुझा जीव एवढा का जातो, याचा कधी विचार केलायस का?

मी केला, कारण तुझ्या त्या लांबलचक पत्रात मधेच एक वाक्य आहे जे तू घाईघाईत टाकून पुढे पळालायस. ते इथे जसंच्या तसं देते: "किल्ली माझ्याकडे असल्यामुळे कधीकधी लोक बाहेर थांबतात, एक निवृत्त सर आहेत ते तर पायरीवरच बसून असतात, पण ते शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतात त्यामुळे त्यांना तेवढा त्रास नाही."

परत वाच. हळू वाच.

सर शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात. तू हिंजवडीहून येतोस, संध्याकाळी, भूमकर चौकातून, जिथे गाडी बंद करून लोक शेंगदाणे खातात. आणि खोलीची किल्ली तुझ्याकडे. चार वर्षं! का, तर पुढे कारणही दिलंयस, की सर व्हॉट्सॲप नीट वापरत नाहीत म्हणून कोऑर्डिनेशनला अवघड जातं. अरे पण कुलूप उघडायला व्हॉट्सॲप कुठे लागतं? त्या माणसाने पस्तीसेक वर्षं शाळेचे वर्ग उघडले असतील, त्याला एक खोली उघडता येणार नाही?

तर साडेसातला सर येतात. पायरीवर बसतात. मग बाकीचे येतात, कोणीतरी तुला फोन करतं, तू म्हणतोस वाकडला आहे, दहा मिनिटं, आणि वाकडहून दहा मिनिटांत कोथरूडला आजवर कोणी आलेलं नाही हे त्या पायरीवरच्या प्रत्येकाला माहीत असतं. सव्वाआठला तू येतोस, पाठीला लॅपटॉपची बॅग, हेल्मेट हातात, सगळे उठून उभे राहतात, तू कुलूप काढतोस. खरं सांग, तो एक क्षण बरा वाटतो ना? तू आलास आणि मग सुरू झालं. मला तुझी अजिबात कीव येत नाहीये हे आधीच सांगते, तुझ्या झोपेची येते थोडी, पण त्या पायरीची जास्त येते.

आणि ते पहिल्या अपिलाचं. तू लिहिलंस की माहिती अधिकारातलं अपील हुकलं तेव्हापासून गटात जरा तणाव आहे. एका ओळीत संपवलंस. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करायचा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. एवढं साधं आहे म्हणून तर २००५ पासून हा कायदा साध्या माणसांना पेलतोय. तुमच्या अर्जाची पोच खोलीतल्या कपाटात होती, खोलीला कुलूप होतं, किल्ली तुझ्या खिशात आणि तू त्या आठवड्यात ऑन-कॉल. बरोबर? उशीर झाला तरी सबळ कारण दिलं तर अपील घेता येतं त्यांना, तशी सोय कायद्यातच आहे, पण कारण काय लिहिणार होतास, किल्ली ट्रॅफिकमध्ये होती?

आता तुझ्याच भाषेत बोलते, माझा भाचा तुमच्याच लाइनमध्ये आहे म्हणून चार शब्द येतात. तुझ्या कंपनीत प्रॉडक्शनचा, म्हणजे चालू सिस्टिमचा, पासवर्ड एकाच माणसाकडे असता तर? तूच बोंब मारली असतीस. तिथे ऑन-कॉलला प्राइमरी असतो, तो नसला तर त्याच्या जागी सेकंडरी असतो, माणूस नोकरी सोडून निघाला तर महिनाभर त्याच्याकडून केटी, म्हणजे कामाची सगळी माहिती, घेतात. म्हणजे ही अक्कल तुला आहे, पगार घेऊन रोज वापरतोस, फक्त आठ ते आठ. फुकटच्या कामात मात्र तुला राजा व्हायचंय, तिथे सेकंडरी नको.

(मला हे इतक्या खात्रीने कसं माहीत? सांगते. आमच्या महिला मंडळाच्या कपाटाची किल्ली अकरा वर्षं माझ्याकडे होती. एकदा मावसबहिणीच्या लग्नाला सांगलीला गेले, किल्ली पर्समध्ये, आणि इकडे हळदीकुंकवाची सगळी भांडी कपाटात. बायकांनी कुलूप तोडलं. परत आले तर कोणी चकार शब्द काढला नाही, नवीन कुलूप होतं आणि त्याच्या तीन किल्ल्या तीन जणींकडे, त्यात मी नव्हते. कार्यक्रम उत्तम झाला म्हणे. मला त्या उत्तम झाल्याचंच जास्त लागलं, आठ दिवस जेवण गोड लागेना.)

तुला पथकात थकवा येत नाही कारण तिथे तू शंभरातला एक ढोल आहेस. ताशा ठेका देतो, तू वाजवतोस. तू एक दिवस नाही आलास तर पथक थांबत नाही, आणि म्हणूनच तुला जावंसं वाटतं. गुरुवारी तू नाही आलास तर दारच उघडत नाही.

पत्रात तू विचारलंस की दाभोलकरांसारखी माणसं एवढं सगळं कशी करायची. करायची खरी, एमबीबीएस डॉक्टर, कबड्डीतला शिवछत्रपती पुरस्कार, ‘साधना’चं संपादन, वर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम. पण तू यादी बघतोयस, मी दुसरं बघते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. समितीच्या शाखा त्यानंतरही भरत राहिल्या, गावोगावी, कुठल्यातरी शाळेच्या वर्गात नाहीतर कोणाच्या तरी ओट्यावर. ती दारं उघडायला पुण्याहून कोणी यायचं नव्हतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीसाठी हजारो माणसं चालली तेव्हा तूही होतास म्हणतोस. त्या गर्दीत तुझ्यावाचून कोणाचं अडलं होतं?

तर आता करायचं एकच. येत्या बुधवारी रात्री, ऑफिसातून निघालास की थेट सरांच्या घरी जा. फोन करून जा, जुन्या माणसांना न सांगता आलेलं आवडत नाही. किल्ली त्यांच्या हातात दे. हातात म्हणजे हातात, टेबलावर ठेवून "असू दे तुमच्याकडे एक" असलं नको. आणि नाक्यावरच्या किल्लीवाल्याकडून डुप्लिकेट करून एक आपल्याकडे ठेवलीस तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस. तुझ्याकडे एकही राहता कामा नये. दुसरी लागलीच तर ती सर ठरवतील कोणाला द्यायची. त्यांनी चार वर्षं पायरी झिजवली आहे, एवढा अधिकार त्यांचा.

गुरुवारी तू पोचशील तेव्हा सव्वाआठच वाजलेले असतील, भूमकर चौक काही तुझ्यासाठी सुधारणार नाही. दार उघडं असेल, ट्यूबलाइट लागलेली असेल, अर्धी मीटिंग झालेली असेल. कोणी उठून उभं राहणार नाही. छातीत बारीक कळ येईल, येऊ दे, मागच्या खुर्चीत बस आणि ऐक. ऑन-कॉलचा आठवडा असेल तर जाऊच नकोस, घरी जाऊन झोप.

बाकी ट्रेक, कट्टा, लग्नं, त्यातलं काय ठेवायचं ते महिन्याभराने विचार, मला वाटतं तोवर विचारायची गरजच उरणार नाही, पण बघू.

आणि हो, केटी नीट दे. पावसाळ्यात ते कुलूप अडकत असेल, किल्ली जरा वर उचलून फिरवावी लागत असेल, कपाटाचा खालचा खण ओढताना लाथ मारावी लागत असेल, जे काय असेल ते सगळं सरांना दारापाशी नेऊन दाखव. सोबत खोबरेल तेलाची छोटी बाटली ने.

तुझी,
मावशी