२२ डॉलरची राय व्हिस्की आणि दीड चमचा पाणी

प्रश्न : नमस्कार दादा. मी एडिसनला राहतो, न्यू जर्सीत, वीस वर्षं झाली इकडे येऊन. आधी आपली देशी व्हिस्की, मग स्कॉच, मधे थोडी बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) असं चाललंय. मागच्या महिन्यात दुकानात २२ डॉलरला राय, म्हणजे राय नावाच्या धान्याची व्हिस्की, दिसली म्हणून घेतली, ८० प्रूफ (४० टक्के अल्कोहोल), लेबलवर स्ट्रेट राय व्हिस्की लिहिलंय, वय कुठेच नाही. शनिवारी मित्र आले तेव्हा उघडली, मोठ्या ग्लासात भरपूर बर्फ आणि सोबत शेंगदाण्याचा तिखट चिवडा. मला कडवट लागली आणि घशाला टोचली. एक मित्र म्हणाला राय प्यायची तर ६०-७० डॉलरच्या पुढची, त्याखालचं सगळं कोकमध्ये ओतायचं. खरंच असं आहे का? आणि एवढ्या पैशात चांगली कुठली हे ओळखायचं कसं?

उत्तर : तुमच्या मित्राचं मला अजिबात पटत नाही. अमेरिकेत २० ते ३० डॉलरमध्ये जेवढी चांगली राय मिळते तेवढ्या पैशात तेवढी चांगली स्कॉच मिळत नाही असं माझं स्वच्छ मत आहे, आणि त्याचं मोठं कारण तिथला कायदा आहे. राय व्हिस्की म्हणायचं तर धान्यात निदान ५१ टक्के राय हवीच, आणि ती ओकच्या नव्या कोऱ्या, आतून जाळलेल्या पिंपातच मुरवायची, एकदा वापरलेलं पिंप चालत नाही. स्ट्रेट लिहायचं तर कमीत कमी २ वर्षं पिंपात हवी आणि बाहेरून रंग, फ्लेवर काही घालायची परवानगी नाही. ४ वर्षांपेक्षा कमी मुरलेली असेल तर वय लेबलवर छापावंच लागतं, म्हणजे तुमच्या बाटलीवर वय नाही याचा अर्थ ती निदान ४ वर्षांची आहे. हे सगळं २२ डॉलरच्या बाटलीलाही लागू आणि २०० डॉलरच्याही.

(राय म्हणजे आपली राई नव्हे हो, मोहरीशी काही संबंध नाही. घरी बाटली बघून दोन-तीन जणांनी मला हे विचारलंय. हे गव्हाच्या नात्यातलं धान्य, थंडीत आणि हलक्या जमिनीतही तग धरतं, म्हणून पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांनी ते लावलं आणि उरलेल्याची दारू गाळली. बर्बनच्या आधी त्या भागात राय हीच व्हिस्की होती. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या भट्टीतही ६० टक्के राय, ३५ टक्के मका आणि ५ टक्के सातू असं मिश्रण असायचं, आणि १७९९ साली तिथे जवळजवळ ११,००० गॅलन व्हिस्की निघाली होती.)

आता तुमचा शनिवार. तुम्हाला वाईट वाटेल पण त्या बाटलीची चव तुम्ही अजून घेतलेलीच नाही. तिखटाने जीभ आधीच पेटलेली, त्यावर अल्कोहोल गेलं की कुठलीही व्हिस्की टोचणारच, आणि ढीगभर बर्फाने वास बसून जातो, गोडवा दबतो आणि लाकडाचा कडवटपणा तेवढा वर येतो. म्हणजे जे चांगलं होतं ते झाकलं गेलं आणि जे बोचरं होतं तेच उरलं.

परत करा. जेवणाच्या आधी, संध्याकाळी, चिवडा नाही, अगरबत्ती नाही, स्वयंपाकघरात फोडणी चाललेली नाही अशा वेळी. वर निमुळता होणारा ग्लास घ्या, वाइनचा छोटा ग्लास चालेल. ३० मिली ओता आणि पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्या. नाक ग्लासात घालू नका, ग्लासच्या काठाशी धरा आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, नाहीतर नुसता स्पिरिटचा झणका बसतो. पहिला घोट फक्त जिभेला सवय व्हायला, त्यावरून मत बनवू नका. मत बनवायचं दुसऱ्या घोटावर, आणि गिळल्यावर घड्याळ बघा, चव किती वेळ टिकते ते. स्वस्त पण चांगली राय अर्धा मिनिट तरी टिकते, मिरीची ऊब छातीत उतरत जाते. वाईट असेल तर गिळल्यागिळल्या चव संपते आणि मागे ओलं लाकूड किंवा नेलपॉलिश काढायच्या लिक्विडसारखं काहीतरी राहतं.

वासाचे शब्द पुस्तकातून घ्यायची काही गरज नाही, आपला मसाल्याचा डबा पुरतो. लवंगेला जो वास असतो तो युजेनॉल नावाच्या द्रव्याचा, आणि जाळलेल्या ओकमध्येही तेच द्रव्य असतं, म्हणजे रायमध्ये लवंग वाटली तर तो भास नाही. व्हॅनिलाही लाकडातूनच येतो. अमेरिकन ओकमधून सुक्या खोबऱ्यासारखा वास येतो, तो तर मराठी नाकाला लगेच सापडायला पाहिजे. यांच्या पलीकडे काळी मिरी, सुंठ, संत्र्याची साल, थोडा पालेदार हिरवा वास असं जे लागतं ते बरंचसं राय धान्याचं. नुसतंच व्हॅनिला, खोबरं, कॅरमेल लागत असेल तर तुम्ही लाकूड पिताय, धान्य मागे पडलंय.

आता पाणी. स्वस्त रायची किंमत ठरवायची माझी एकच कसोटी आहे, पाणी घातल्यावर काय उरतं. याचं गणित करून बघा, मजा येते. तुमची बाटली ८० प्रूफ, म्हणजे ४० टक्के. शेजारच्या फळीवर रिटनहाउस नावाची राय असते, १०० प्रूफ, म्हणजे ५० टक्के, साधारण २५ ते ३० डॉलरच्या आसपास, राज्याप्रमाणे कमीजास्त. त्या ७५० मिलीत घरी पाणी घालून ती ४० टक्क्यांवर आणली तर सुमारे ९३७ मिली होते. म्हणजे वर १८७ मिली, आपल्या भाषेत एक क्वार्टर आणि वर थोडी. तुमच्या २२ डॉलरच्या आणि हिच्या समजा २७ डॉलरच्या किमतीतला फरक त्यातच जवळजवळ भरून निघतो, आणि पाणी किती घालायचं ते तुम्ही ठरवता, कारखाना नाही. म्हणून मी दुकानात आधी प्रूफ वाचतो, मग किंमत.

दोन्ही समोरासमोर प्यायच्या असतील तर ५० टक्केवालीच्या ३० मिलीत दीड टीस्पून पाणी घाला, ती बरोबर ४० वर येते. हे न करता तुलना केली तर जास्त कडक असलेली एकतर उगाच टोचते नाहीतर उगाच भारी वाटते. मी हे मागच्या आठवड्यात किचनच्या ओट्यावर केलं, कुठला ग्लास कुठला हे मला कळू नये म्हणून बायकोने ग्लासच्या तळाला चिकटपट्टी लावून नंबर लिहिले. नुसती रिटनहाउस आधी गरम, कोको आणि संत्र्याच्या सालीची, थोडी बंद बंद. दीड चमचा पाणी पडलं आणि दोन मिनिटांत काकवीसारखा गोड वास वर आला, त्यामागे जायफळ, आणि मिरी होती तिथेच राहिली. ८० प्रूफवालीत नुसता एक चमचा पाणी घातलं तर मिरी गेली, खोबरं राहिलं आणि मधली चव पातळ झाली. वाईट नव्हती, पण तिच्यात पाण्याला जागाच उरली नव्हती, ते आधीच घालून झालं होतं.

रिटनहाउसवर बॉटल्ड इन बॉन्ड असंही लिहिलेलं असतं आणि हे शब्द दिसले की बिनधास्त घ्या. हा १८९७ चा कायदा. त्या काळी कच्च्या दारूत रंग आणि काय काय मिसळून जुनी व्हिस्की म्हणून विकायचे, त्यावर सरकारने शिक्का आणला : एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, निदान ४ वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात मुरलेली आणि बरोबर १०० प्रूफ. ओल्ड ओव्हरहोल्टचीही अशी बाटली निघते. तिचं मूळ गाव वेस्ट ओव्हर्टन, पिट्सबर्गपासून तासाभरावर, कंपनी १८१० पासूनचं नाव सांगते. मी पिट्सबर्गला होतो तेव्हा मुद्दाम गेलो होतो, लाल विटांची जुनी भट्टी आहे, आता म्युझियम केलंय. स्वतः ओव्हरहोल्ट मात्र प्रोहिबिशननंतर, म्हणजे अमेरिकेतल्या दारूबंदीनंतर, पुढे कधीतरी केंटकीला गेली. रिटनहाउसचंही तेच, नाव फिलाडेल्फियाच्या चौकाचं आणि गाळतात केंटकीत. मला याची खरंच हळहळ वाटते, कारण त्याबरोबर चवही बदलली.

आणि ही चवीची गोष्ट घेण्याआधी माहीत हवी, नाहीतर चांगली बाटलीसुद्धा तुम्हाला फसवल्यासारखी वाटेल. केंटकीच्या बऱ्याच राय ५१ टक्क्यांच्या जरा वरच असतात, बाकी मका, त्यामुळे गोडसर, बर्बन आवडणाऱ्याला पटकन जमतात. दुसरं घराणं इंडियानातल्या लॉरेन्सबर्गच्या मोठ्या भट्टीचं, तिथे ९५ टक्के राय आणि ५ टक्के सातू, आणि कितीतरी ब्रँड तिथूनच माल घेऊन आपलं लेबल लावतात. बुलेट राय त्यातलीच, ४५ टक्के. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात डिस्टिल्ड इन इंडियाना शोधा, छापणं बंधनकारक असतं. हिच्यात हिरवा वास येतो, इकडचे लोक त्याला डिल म्हणतात, म्हणजे आपला शेपू. सरळ सांगतो, शेपूची भाजी ताटात बघून जे उठून जातात त्यांनी ही घेऊ नये. मला शेपू मुगाची डाळ घालून फार आवडतो आणि ही रायही आवडते, पण रोजची म्हणून मी केंटकीवालीच ठेवतो.

तुमची २२ डॉलरवाली फेकू नका आणि कोकमध्येही नको, त्यात ती सापडणारच नाही. मॅनहॅटन कॉकटेल करा : ६० मिली राय, ३० मिली गोड लाल व्हर्मूथ, बिटर्सचे (कडवट मसाल्यांचा अर्क) दोन शिंतोडे, बर्फात अर्धा मिनिट ढवळून गाळून घ्या. व्हर्मूथ गोड असतो म्हणून तिथे रायचा तिखटपणा कामाला येतो, शनिवारी जे टोचलं तेच इथे हवं असतं. व्हर्मूथ उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, ती वाइन आहे, बाहेर ठेवली की आंबते आणि दोष व्हिस्कीला जातो. एवढं करूनही पचपचीत लागली तर मग पुढच्या वेळी १०० प्रूफ घ्या, पण ६० डॉलरपर्यंत जायचं कारण नाही. त्या किमतीत जास्त वय मिळतं, म्हणजे जास्त लाकूड, आणि रायला मला तरी ४ ते ६ वर्षंच शोभतात.

प्रश्न : आम्ही मिसिसागाला असतो. इथे कुठलीही कॅनेडियन व्हिस्की मागितली की लोक राय म्हणतात. ही तीच का?

उत्तर : नाही, आणि यात लोक बरेच फसतात. कॅनडाच्या नियमात कॅनेडियन व्हिस्की आणि राय व्हिस्की ही एकाच वस्तूची दोन नावं आहेत, राय किती हवी असा आकडाच नाही. ३ वर्षं लाकडी पिंपात आणि ४० टक्के, झालं. पूर्वी दुसऱ्या धान्याच्या दारूत थोडी राय मिसळायचे त्यावरून नाव पडलं ते राहिलं. त्यामुळे तुमच्या दुकानात राय लिहिलेल्या बाटलीत बहुतेक मकाच असू शकतो. पण अल्बर्टा प्रीमियम म्हणून एक कॅलगरीची आहे, ती १०० टक्के राय आणि तिथल्या स्वस्तातल्या फळीवरची. ४० टक्के आहे, जरा हलकी आहे, तरी धान्य काय असतं ते त्यात कळतं. तीच घेऊन बघा, पाणी अजिबात न घालता.

प्रश्न : पुण्याहून लिहितेय. भावाने येताना १०० प्रूफची राय आणली. आम्ही दोघंच, महिन्यातून एखादा पेग. उघडल्यावर खराब होते का?

उत्तर : खराब होत नाही, मंद होते. अर्ध्यापर्यंत काळजीच नको. बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली तर बूच भिजून भुगा होतो, आणि खिडकीतल्या उन्हापासून लांब, पुण्यात एप्रिल-मेमध्ये तर आतल्या कपाटातच. फ्रिजची गरज नाही. पाव बाटली उरली की वरची हवा जास्त होते, तेव्हा एक रिकामी काचेची क्वार्टर गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, त्यात काठोकाठ भरून ठेवा. प्लॅस्टिकची नको.