एनबीए ड्राफ्टमध्ये तळाच्या संघालाच पहिला खेळाडू मिळतो का?

नाही, तशी खात्री नसते. ड्राफ्ट म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या संघांनी नवे खेळाडू क्रमाक्रमाने निवडणं. डेक्कनला सकाळी सरावाला येणारी मुलंही मला हेच विचारतात. प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी, हुकलेल्या 14 संघांची सोडत निघते. यंत्रात 1 ते 14 आकड्यांचे चेंडू फिरतात, चार बाहेर येतात. अशा चौकड्या 1,001 होतात. एक बाद, उरलेल्या 1,000 चौकड्या संघांना आधीच वाटलेल्या; ज्याची चौकडी निघेल त्याचा नंबर. 2019 पासूनच्या पद्धतीत तळाच्या तीन संघांना प्रत्येकी 140 चौकड्या, म्हणजे 14 टक्केच संधी. मुद्दाम हरायचा मोह कमी व्हावा म्हणून हे, आणि मला ते मनापासून पटतं. 2025 मध्ये जेमतेम 1.8 टक्के संधी असलेल्या डॅलसचा पहिला नंबर लागला, कूपर फ्लॅग त्यांना मिळाला!

सोडत पहिल्या चार क्रमांकांपुरतीच. ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत नसतेच. आपला सतनाम सिंग 2015 मध्ये त्याच फेरीत, 52वा निवडला गेला.