प्रोसिजर लिहायला टूल कोणतं?

प्रश्न : ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये आमची टीम आहे. बहुतेक काम ओरॅकल डेटाबेसच्या पीएल/एसक्यूएल प्रोसिजरचं (डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडचं), थोडं पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचं. सगळ्यांनी एसक्यूएल डेव्हलपर हे ओरॅकलचं टूल सोडून डीबीव्हर या अनेक डेटाबेसना चालणाऱ्या टूलवर यावं, असं चाललं आहे. घरून डीबग करताना (कोड ओळीओळीने चालवून चूक शोधताना) ओआरए-24247 हा नेटवर्कची परवानगी नाकारल्याचा एरर येतो, हेही एक कारण. काय करावं? (वाचक, ऐरोली)

उत्तर : या एररपायी टूल बदलू नका. एसक्यूएल डेव्हलपरमध्ये डीबग सुरू केलं की डेटाबेस सर्व्हर स्वतः तुमच्या मशीनशी उलट कनेक्शन जोडतो. ओरॅकल 12सी पासून त्यासाठी वेगळी परवानगी लागते. डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) सांगा : तुमच्या युजरला ‘डीबग कनेक्ट सेशन’ द्या आणि एसीएलमध्ये (नेटवर्क परवानग्यांच्या यादीत) तुमच्या मशीनच्या पत्त्यासाठी ‘जेडीडब्ल्यूपी’ची, म्हणजे डीबगच्या कनेक्शनची, परवानगी घाला. एवढं करूनही घरून डीबगर नुसता थांबून राहिला, तर व्हीपीएन किंवा विंडोजची फायरवॉल आडवी येते आहे. प्रेफरन्सेसमध्ये डीबगरचे पोर्ट 4000 ते 4999 असतात, तेवढे उघडून घ्या. तिथेच ‘डीबगर होस्ट विचारा’ हा पर्याय चालू करून व्हीपीएनचा आयपी द्या, घरच्या वायफायचा नव्हे. प्रोसिजर ‘कंपाईल फॉर डीबग’ करायला विसरू नका, नाहीतर ब्रेकपॉइंटवर (थांबण्यासाठी खूण केलेल्या ओळीवर) थांबणारच नाही.

डीबीव्हरच्या मोफत आवृत्तीत पीएल/एसक्यूएल ओळीओळीने डीबग करता येत नाही. तुमचं मुख्य काम तेच, म्हणून एसक्यूएल डेव्हलपर ठेवा. तोही मोफतच आहे. पोस्टग्रेससाठी आणि दोन्हीकडचा डेटा बघायला डीबीव्हर उत्तम. सगळ्यांकडे एकच टूल असण्याचा आग्रह आम्हाला पटत नाही.

मात्र दोन्ही वापरताना एक धोका आहे. एसक्यूएल डेव्हलपरमध्ये ऑटोकमिट (बदल आपोआप कायम होणं) मुळात बंद असतं, डीबीव्हरच्या साध्या कनेक्शनमध्ये चालू. ‘चुकलं तर रोलबॅक करू’, म्हणजे बदल मागे घेऊ, या सवयीने डीबीव्हरमध्ये अपडेट चालवला, तर तो त्याच क्षणी कायम होतो. प्रॉडक्शनच्या कनेक्शनचा प्रकार ‘प्रॉडक्शन’ निवडा, कमिट मॅन्युअल आहे ना ते तपासा.

आणि प्रोसिजर थेट डेटाबेसमध्ये उघडून सेव्ह करणं आजच बंद करा. दोघांनी एकच पॅकेज (प्रोसिजरचा संच) उघडलं, तर नंतर कंपाईल करणाऱ्याचा कोड राहतो, आधीच्याचा पुसला जातो, आणि कोणतंही टूल त्याबद्दल सावध करेल या भरवशावर राहू नका. प्रत्येक पॅकेजची स्वतंत्र फाईल गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये) ठेवा, कंपाईल त्या फाईलवरूनच करा.

प्रश्न : एसक्यूएल सर्व्हरमध्ये ग्राहकांची मराठी नावं टाकली की नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. दुसरा एडिटर घ्यावा का? (वाचक, ठाणे)

उत्तर : नको. कॉलमचा प्रकार व्हारचार असेल, तर एनव्हारचार (मराठीसह सगळ्या लिप्या साठवणारा) करा. क्वेरीत नाव थेट लिहिताना पहिल्या अवतरणचिन्हाला लागून रोमन कॅपिटल एन लिहा. तो राहिला, तर कॉलम बरोबर असूनही प्रश्नचिन्हंच साठतात. जी आधीच साठली, ती परत मराठी होत नाहीत. ती नावं मूळ अर्जांवरून पुन्हा भरावी लागतील.