कार्टून आहे, म्हणजे लहानांचंच असेल ना?

अमळनेर तालुक्यातलं एकत्र कुटुंब. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दुसरीतल्या मुलाने पाहुण्यांसमोर काकूला ‘जाडी’ म्हटलं आणि स्वतःच खदाखदा हसला. आजीने कपाळावर हात मारला, “हाई काय दखाडतस पोरेसले!” वडील म्हणाले, टीव्ही बंद. नववीतली ताई रडकुंडीला आली, “शिनचॅन तर सगळेच बघतात.” आई माझ्याकडे आली तेव्हा तिचा प्रश्न साधा होता: त्याने हे बघावं की नाही?

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा एकच समजूत असते, की चित्रं हलतात म्हणजे ते लहानांसाठीच. शिनचॅन या खोडकर मुलाच्या कार्टूनचंच बघा. 1990 मध्ये जपानमध्ये ही चित्रकथा सुरू झाली ती मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात. भारतात 2008 मध्ये आक्षेपांमुळे मालिका काही काळ थांबली आणि पुढे काटछाट होऊन परतली. त्यामुळे आईची काळजी मला अजिबात बाऊ वाटली नाही.

तरी ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर मी दिलं नाही. एक भाग मुलाशेजारी बसून बघा, मध्ये बोलू नका आणि संपल्यावर त्यालाच गोष्ट सांगायला लावा, एवढंच सांगितलं.

पुढच्या भेटीत आई जरा चक्रावलेली होती. तिला ज्याची धास्ती होती, ते मोठ्या मुलींच्या मागे लागणं वगैरे, त्याच्या गोष्टीत आलंच नव्हतं. त्याला आठवलं ते वेगळंच: आईला लठ्ठ म्हटलं, आई चिडली, डोक्यावर टेंगूळ आलं, मज्जा! सात-आठ वर्षांच्या मुलाला विनोदातली खोच अजून नीट कळत नाही. त्याला दिसतं ते कोण कुणाला हसतं आणि हसल्यावर काय होतं. म्हणून भाग पारखताना मी अश्लील शब्द मोजण्याआधी हे बघायला सांगते की हसू कुणावर पडतं. कुणाच्या शरीरावर, गरिबीवर, बोलीवर पडत असेल आणि दुखावलेला माणूस पुढे दिसतच नसेल, तर तो भाग लहानग्याने एकट्याने बघू नये. ताईला तोच भाग चालेल. ती ‘असं कुणी खरं बोलत नाही’ हे ओळखते.

ओटीटीवर थोडी मदत मिळते. 2021 च्या नियमांनुसार तिथे यू, यू/ए 7+, 13+, 16+ आणि ए अशी वर्गवारी असते, आणि 13+ पासून पुढच्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलपाची सोय द्यावी लागते. वडिलांनी ते कुलूप लावलं. पण 7+ ची खूणही तुमच्या मुलाला ओळखत नाही, म्हणून नवी मालिका असेल तर आधी आईने किंवा ताईने बघायची, असं घरात ठरलं. ताईला ही जबाबदारी फार आवडली.

मुलगा अजूनही कधीकधी काकूला तो शब्द वापरतो. आईने विचारलं, एक धपाटा दिला तर? मी नको म्हटलं. त्याच्या लेखी तो त्याच भागातला पुढचा प्रसंग ठरेल. “काकूला याचं वाईट वाटतं,” एवढं काकूनेच त्याच्याकडे बघून सांगावं, आणि त्या वेळी घरातल्या मोठ्यांपैकी कुणीही हसू नये.