ताप माणसाला, मूळ गोठ्यात

प्रश्न : आमची म्हैस सातव्या महिन्यात गाभडली. वार अडकली होती, ती मी हातानेच काढली. महिन्याभराने मला ताप सुरू झाला. संध्याकाळी चढतो, पहाटे घामाने अंथरूण भिजतं, कंबर धरते. मलेरिया, टायफॉइड दोन्ही निगेटिव्ह. काय असेल? (जुन्नर तालुका)

तुम्ही मला लिहिलंत तेच उद्या डॉक्टरांना सांगा, म्हैस गाभडल्यापासून सगळं. हे सांगितलं नाही तर त्यांच्या डोक्यात ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसात येणारा जंतूंचा ताप, येणं अवघड, कारण या तापाचा चेहरा दहा तापांसारखा आहे. रक्ताची ठरावीक तपासणी करावी लागते. निदान झालं तर साधारण दोन अँटिबायोटिक्स सहा आठवडे घ्यावी लागतात. आठवड्यात ताप उतरतो आणि इथेच माणसं गोळ्या सोडतात. कृपा करून सोडू नका, हा जंतू आपल्याच पेशींच्या आत दडून बसतो आणि पुन्हा उठतो.

म्हशीचं रक्तही पशुवैद्यकांकडून तपासून घ्या. गाभडलेल्या जनावराच्या वारेत आणि स्रावात हे जंतू प्रचंड संख्येने असतात, हातावर एखादं खरचटलेलं असलं तरी त्यांना पुरतं. पुन्हा अशी वेळ आली तर उघड्या हाताने वार काढू नका. गर्भ आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. उकिरड्यावर टाकली की कुत्री ती ओढत दुसऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेतात.

प्रश्न : आजोबा आयुष्यभर धारोष्ण दूध प्यायले, त्यांना काही झालं नाही. जनावर तब्येतीने चांगलं असेल तर दूध उकळायची गरज काय? (सांगली)

‘जनावर चांगलं दिसतं’ या एका समजुतीने माल्टा बेटावर कित्येक सैनिक आजारी पाडले. तिथे मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेत डेव्हिड ब्रूस यांना १८८७ च्या सुमारास ब्रुसेलोसिसचा हा जंतू सापडला, पण तो येतो कुठून हे कळेना. १९०५ मध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं. ठणठणीत, भरपूर दूध देणाऱ्या शेळ्या, आणि जंतू त्यांच्यातच! सैनिकांचं शेळीचं दूध बंद झालं आणि ताप झपाट्याने ओसरला.

पण गाईच्या दुधावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. गाय गाभडवणारा जंतू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्येच शोधला होता. माल्टाचा जंतू गोल आणि हा काडीसारखा असं पुस्तकात लिहिलेलं, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत असं कुणाला वाटलं नाही. ते केलं ॲलिस इव्हान्स यांनी. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या दुग्धविभागात त्या काम करत. १९१८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की हे दोन्ही जंतू सख्खे भाऊ आहेत, म्हणजे कच्च्या गाईच्या दुधातूनही माणसाला धोका आहे. बाई, त्यात डॉक्टरेट नाही. नामवंत शास्त्रज्ञांनीही विश्वास ठेवला नाही. १९२२ मध्ये प्रयोगशाळेतच त्यांना या जंतूची लागण झाली आणि तो ताप पुढे कित्येक वर्षं त्यांना छळत राहिला. तरी काम थांबलं नाही. पुढे इतर देशांतल्या संशोधकांनाही तेच दिसलं, आणि १९२८ मध्ये अमेरिकेच्या जीवाणुशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्यांना अध्यक्ष केलं, पहिली महिला अध्यक्ष. आपल्या दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द वाचताना मला दरवेळी त्या आठवतात.

पाश्चराइज्ड म्हणजे ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद तापवलेलं दूध, एवढ्यात हा जंतू मरतो. घरी दुधाला एक नीट उकळी आली, दूध वर आलं की झालं. आजोबांना काही झालं नाही याचा आनंद आहे, पण आज नातवंडांना पाजताना त्यांचा दाखला नको. कच्च्या दुधाचं पनीर किंवा विरजणही नको, आंबटपणाने सगळे जंतू मरतील याची खात्री नसते.

प्रश्न : कालवडीला ब्रुसेलोसिसची लस कधी द्यायची? (बारामती)

चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान, फक्त मादी वासरांना, एकदाच. पारड्यांनाही हेच वय. केंद्राच्या २०१९ पासूनच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस आहे, गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. ही जिवंत जंतूंची लस आहे, म्हणून गाभण जनावराला देत नाहीत आणि टोचणाऱ्यानेही हातमोजे घालायचे असतात.

प्रश्न : चिकन नळाखाली धुतलं तर जंतू जातात ना? (पुणे)

जात नाहीत, उडतात. बेसिनवर, ओट्यावर, शेजारी चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीवर. कोंबडीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू निवांत राहतो, कोंबडीला त्याचा त्रास नसतो. त्याच्या जातकुळीची पहिली ओळख पशुवैद्यकांनाच झाली, गाभडणाऱ्या मेंढ्यांमध्ये. माणसाच्या जुलाबात तो वाढवून दाखवायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बारे सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच निघाला. तिथे संशय मुख्यतः पाण्यावर होता, कोंबडीला दोष देऊन मोकळं होता येत नाही.

तुम्ही एवढंच करा : चिकन न धुता थेट पातेल्यात घाला. धुवायचीच सवय असेल तर नळ सोडू नका, भांड्यातल्या पाण्यात हलक्या हाताने बुडवून काढा आणि ते पाणी न उडवता ओता. सुरी, पाट आणि हात लगेच साबणाने धुवा. कोशिंबिरीची सुरी वेगळी ठेवा. हाडाजवळचं मांस गुलाबी दिसलं तर आणखी शिजू द्या.